ऑनलाइन कार्यक्रम सगळ्यांना खुले ठेवले तर वंशावळ मंडळाचा मेंबर कोण होणार?

तुमचा प्रश्न असा आहे की तुमच्या छोट्या वंशावळ मंडळानं, म्हणजे आपापले पूर्वज जुन्या नोंदींतून शोधणाऱ्यांच्या मंडळानं, २०२० पासून महिन्याचं व्याख्यान झूमवर सुरू केलं, आता तिथं हॉलमध्ये कधी यायचे त्याच्या चौपट लोक येतात, पण वर्गणी भरणारे होते तेवढेच आहेत, आणि कमिटीतले काही जण आता म्हणतायत की सगळं फक्त मेंबरांसाठी करून टाका. करावं का?

मी चौदा वर्षं अशाच एका मंडळात काम करतेय, आधी जुन्या रजिस्टरांची सूची करायला बसायचे, मग कार्यक्रमांचं काम आलं, आणि गेली काही वर्षं मेंबरशिप बघते, त्यामुळे हा वाद मी कमिटीच्या टेबलावर दोनतीनदा तरी लढलेय. माझं मत स्पष्ट आहे, व्याख्यानाला कुलूप लावू नका. कारण लोक व्याख्यानासाठी मेंबर होतच नाहीत. जनगणनेच्या नोंदी कशा वाचायच्या, डीएनए टेस्ट म्हणजे काय, सुरुवात कुठून करायची, हे सगळं आज घरबसल्या फुकट मिळतं. पूर्वजांच्या नोंदी शोधायची फॅमिलीसर्च ही वेबसाइट फुकट आहे, त्यांचं रूट्सटेक संमेलन २०२१ मध्ये पूर्ण ऑनलाइन आणि फुकट झालं आणि त्यानंतरही ऑनलाइन भाग फुकटच आहे, तिथं ढिगानं सेशन पडलेत. त्यांच्याशी तुम्ही व्याख्यानाच्या बाबतीत बरोबरी करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे तुमच्या भागाच्या नोंदी आणि त्या नोंदी कोळून प्यायलेली चारपाच माणसं.

आता आधी हे बघा की झूमवर येतं कोण. स्थानिक मंडळाचे दोन प्रकारचे लोक असतात आणि हे आम्हाला कळायला फार वर्षं लागली. एक, जे तुमच्या भागात राहतात पण ज्यांचे पूर्वज भलतीकडचे आहेत, त्यांना शिकायचंय, सोबत हवीय, कोणीतरी समदुःखी हवाय. आणि दुसरे, जे हजारो मैल लांब राहतात पण ज्यांची खापरपणजी तुमच्या भागातल्या दफनभूमीत आहे. हे दुसरे लोक पूर्वी फक्त पोस्टानं येणाऱ्या अंकापुरते मेंबर असायचे, मीटिंगला कधी येऊच शकायचे नाहीत, आणि ऑनलाइनमुळे पहिल्यांदा ते आपल्या दारात आलेत. तुमच्या झूममधले वाढीव लोक बहुतेक हेच असणार. कुलूप लावलंत तर हेच जातील, कारण त्यांना अजून माहीतच नाही तुमच्याकडे काय आहे.

आम्ही एकच गोष्ट बदलली आणि तिथून फरक पडला. नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये आधी नुसतं नाव आणि ईमेल होतं. त्यात एक प्रश्न घातला, तुम्ही कोणत्या आडनावाच्या मागे आहात, कुठल्या भागात आणि साधारण कुठल्या काळात. बस. मग व्याख्यान झालं की आमच्यातले दोघं ती यादी घेऊन बसतात आणि आपल्या सूचीत ते आडनाव आहे का बघतात. असेल तर दोन ओळींचा ईमेल, की हे आडनाव आमच्याकडे अमुक रजिस्टरात अमुक सालांच्या दरम्यान दिसतंय, तुमचेच लोक आहेत का ते आम्हाला माहीत नाही, पण बघायचं असेल तर सांगा. एक बाई चार महिने येऊन गप्प बसायच्या, कॅमेरा बंद, चॅटमध्येही एक अक्षर नाही. आमच्यातले एक आजोबा तेव्हा दफन नोंदींचं रजिस्टर उतरवून घेत होते, त्यांना फॉर्ममधलं आडनाव ओळखीचं वाटलं, त्यांनी लिहिलं, आणि त्या बाई त्याच रात्री मेंबर झाल्या. आज त्या स्वतः नोंदी उतरवतात, तेही जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून. त्यांना मेंबर कुठल्याही व्याख्यानानं केलं नव्हतं, कोणीतरी आपली माणसं शोधतंय या भावनेनं केलं.

त्यामुळे मी असं वाटप करीन. व्याख्यान लाइव्ह सगळ्यांना खुलं. रेकॉर्डिंग आणि टिपणं मेंबरांना. आणि छोट्या बैठका फक्त मेंबरांना, खरा जीव तिथंच आहे म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

आमच्याकडे महिन्यातून एकदा "अडलेला धागा" अशी बैठक असते, आठदहा जण, दीड तास, रेकॉर्डिंग नाही. ज्याचं काम अडलंय त्यानं आठवडाभर आधी एका पानात लिहून पाठवायचं, माणूस कोण, कुठं आणि कोणत्या सालात तो शेवटचा दिसतो, आत्तापर्यंत काय काय तपासलं आणि प्रश्न एकच. एकच प्रश्न हा नियम फार महत्त्वाचा आहे, नाहीतर लोक पूर्ण खानदान घेऊन येतात आणि दीड तास ऐकण्यातच जातो. हे पान लिहिता लिहिताच कितीतरी जणांना स्वतःचं उत्तर सापडतं, कारण आपण काय बघितलंय आणि काय नुसतं गृहीत धरलंय हे कागदावर उतरवलं की वेगळं दिसायला लागतं.

मग बैठकीत आम्ही पुरावा सोलून बघतो. ही मूळ नोंद आहे की कोणीतरी उतरवून घेतलेली? आणि माहिती देणाऱ्याला ती कुठून माहीत? मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख सांगणारा जावई तिथं हजर होता म्हणून ती तारीख धरायची, पण सासऱ्याचा जन्म कधी आणि कुठं झाला हे त्याच जावयानं ऐकीव सांगितलंय, एकाच कागदावर दोन वजनांची माहिती असते. नवीन लोकांना हे समजलं की त्यांची निम्मी गुंतागुंत सुटते. आणि माणूस सापडत नसेल तर त्याच्या शेजारच्यांचा, साक्षीदारांचा, भागीदारांचा माग काढायचा, कारण लोक सहसा एकेकटे स्थलांतर करत नव्हते, शेजारपाजार सोबत घेऊन जायचे.

एक उदाहरण देते. एका मेंबरला इंग्लंडमधल्या चर्चच्या रजिस्टरात आईवडिलांचं लग्न जून १७२३ चं मिळालं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ चा. म्हणजे लग्नाआधी चार महिने मूल, आणि हे गृहस्थ दोन वर्षं दुसरं जोडपं शोधत होते, त्याच नावाचं. बैठकीत एकीनं लगेच सांगितलं की तिथं १७५२ च्या आधी नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे रजिस्टरातला फेब्रुवारी १७२३ हा त्याच वर्षातल्या जूनच्या नंतर येतो, आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १७२४. लग्नानंतर आठ महिन्यांनी मूल, सगळं जागेवर बसलं. दोन वर्षांचा गोंधळ दहा मिनिटांत गेला, आणि तो गेला कारण खोलीत ते माहीत असलेलं एक माणूस होतं. हे कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर हे काम प्रत्यक्ष हॉलपेक्षा ऑनलाइन जास्त चांगलं होतं. हॉलमध्ये एक झेरॉक्स हातोहात फिरायची. इथं स्क्रीन शेअर केली, फोटो मोठा केला की सगळ्यांना तेच अक्षर एकाच वेळी दिसतं, आणि अक्षर लावणं हे एकट्याचं काम नाहीच मुळी. आमच्याकडे एक मेंबर जुनी जर्मन कुरेंट लिपी वाचतात, ती तिथल्या शाळांमधून १९४१ मध्ये बंद झाली म्हणून आताच्या जर्मन लोकांनाही ती सहज वाचता येत नाही, आणि हे मेंबर आमच्यापासून सहा तासांच्या फरकावर राहतात. हॉलच्या जमान्यात ते आम्हाला मिळाले असते का?

रेकॉर्डिंगबद्दल. वक्त्याची परवानगी लेखी घ्या, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा, रेकॉर्ड करायचं का, कोणाला दिसणार, किती दिवस. व्याख्यान आणि टिपणांचा कॉपीराइट साधारणपणे वक्त्याचाच असतो, तुम्ही मानधन दिलंत म्हणून तो तुमचा होत नाही. आमच्या मंडळानं सुरुवातीला एकदा न विचारता रेकॉर्डिंग सगळ्यांना दिसेल असं टाकलं होतं, वक्त्याला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं, तेच व्याख्यान ते इतर मंडळांना देऊन पोट भरत होते. आम्ही ते काढलं आणि माफी मागितली, पण ते परत आले नाहीत, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण चूक पूर्ण आमची होती. आता आमच्याकडे ठरलेलं आहे, रेकॉर्डिंग तीस दिवस, लॉगिनच्या आत, आणि वक्ता नाही म्हणाला तर नाही. आणि मानधन द्या हो. ऑनलाइन आहे, प्रवास नाही, मग कशाला पैसे, असं म्हणणारे कमिटीत असतात, पण त्या माणसाची तयारी तेवढीच असते.

टेक्निकल बाजू थोडक्यात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते आणि शंभर माणसांची मर्यादा आहे, तेव्हा एक पेड खातं घ्याच, मंडळाच्या नावानं, कोणाच्या खाजगी नावानं नको, नाहीतर तो माणूस कमिटीतून गेला की सगळं त्याच्याबरोबर जातं. वेटिंग रूम चालू ठेवा. होस्ट दोन असावेत, एकाचं नेट गेलं तर दुसरा, आणि दुसऱ्यानं फक्त चॅट बघायचं. कॅप्शन चालू करा, आपल्या क्षेत्रात ऐकू कमी येणारी मंडळी भरपूर आहेत आणि ती बिचारी सांगत नाहीत, नुसती यायची बंद होतात. वेळ लिहिताना आपल्या वेळेबरोबर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळही द्या, आणि मार्चमध्ये विशेष सांभाळा, कारण अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी, मधल्या दोनतीन आठवड्यांत नेहमीचा फरक एक तासानं बदलतो आणि अर्धे लोक रिकाम्या मीटिंगमध्ये बसतात. आमचं झालंय हे. लिंक आदल्या दिवशी आणि पुन्हा त्या दिवशी सकाळी पाठवा.

आता वर्गणीचं. तुम्ही सगळ्यांना एकच वर्गणी ठेवली असेल आणि त्यात छापील अंक पोस्टानं जात असेल तर लांबच्या माणसासाठी पोस्टेजच तुम्हाला खाऊन टाकतं. दोन प्रकार करा, एक डिजिटल, अंक पीडीएफ, आणि एक छापील अंकासकट. आमच्याकडे लांबचे जवळजवळ सगळे डिजिटल घेतात आणि जुने स्थानिक मेंबर छापीलच मागतात, दोघंही खूश. घरातले दोघं मेंबर असतील तर दोघांना वेगळं लॉगिन द्या, कारण नवराबायको एकाच घरात राहून वेगवेगळी घराणी शोधत असतात.

वर्ष कधी सुरू होतं हेही बघा. कॅलेंडर वर्ष ठेवलं की हिशेब सोपा जातो, पण ऑक्टोबरमध्ये उत्साहानं आलेल्या माणसाला जानेवारीत परत पैसे मागितले की तो चिडतो आणि त्याचं बरोबरच आहे. ज्या दिवशी भरले तिथपासून बारा महिने, असं करा, आता सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. आजीव सभासदत्वाबद्दल मी सावध राहीन, पैसे एकदाच येतात आणि खर्च दरवर्षी होतो, ठेवायचंच असेल तर ते पैसे वेगळ्या निधीत टाका, चालू खर्चाला हात लावू नका.

नूतनीकरण न करणाऱ्यांना आम्ही फोन करतो. ईमेल नाही, फोन. बहुतेक जण नाराज नसतातच, ईमेल स्पॅममध्ये गेलेला असतो किंवा कार्ड बदललेलं असतं. आणि नवीन मेंबर आला की दोन दिवसांच्या आत एका माणसानं, सिस्टिमनं नाही, त्याला लिहायचं आणि पुढच्या छोट्या बैठकीचं आमंत्रण द्यायचं. पहिल्या महिन्यात जो एकदाही बोलला नाही तो दुसऱ्या वर्षी सहसा राहत नाही, हा माझा अनुभव.

मेंबरांना काय द्यावं याबद्दल एक गोष्ट टाळा, ती म्हणजे मोठ्या पेड साइटचा पासवर्ड सगळ्यांत वाटणं. त्यांच्या अटींत ते बसत नाही, आणि बऱ्याच सार्वजनिक लायब्ऱ्यांत त्या साइटची लायब्ररी आवृत्ती असतेच. त्यापेक्षा फॅमिलीसर्चशी जोडलेली लायब्ररी जवळ आहे का बघा. अमेरिकेतल्या युटामधल्या ज्या संस्थेतून फॅमिलीसर्च आलं ती १८९४ ची, १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म, केली, त्या फिल्म भाड्यानं पाठवणं २०१७ मध्ये बंद झालं, आणि आता डिजिटल रूपातल्या काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, फक्त त्यांच्या केंद्रात किंवा अशा जोडलेल्या लायब्ररीत उघडतात. ज्या मेंबरच्या आसपास असं काहीच नाही त्याच्यासाठी तुमच्यातलं कोणी तिथं बसून एक नोंद शोधून दिली तर ती त्याच्यासाठी वर्षभराच्या वर्गणीपेक्षा मोठी आहे.

आणि कामाला लावा लोकांना. हे मी मनापासून सांगते, लोक मेंबर म्हणून टिकतात ते काही मिळतं म्हणून तर टिकतातच, पण आपल्या हातून काही होतंय म्हणून जास्त टिकतात. तुमच्याकडची एखादी जुनी वही स्कॅन करा आणि नोंदी उतरवण्याचं काम ऑनलाइन वाटा. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं वाचायचं, जुळलं नाही तर तिसऱ्यानं बघायचं, स्पेलिंग जसं आहे तसंच ठेवायचं, चुकीचं वाटलं तरी सुधारायचं नाही, आणि पानाचा नंबर प्रत्येक ओळीसमोर. झालेली सूची, म्हणजे नाव, साल, पान एवढंच, सगळ्यांना खुली ठेवा, कारण कोणीतरी रात्री दोन वाजता आपल्या पणजोबांचं नाव सर्च करतो आणि तुमच्या मंडळावर येऊन पोचतो, यापेक्षा चांगली जाहिरात नाही. पूर्ण नोंद मेंबरांना.

प्रायव्हसीचं मात्र हलक्यात घेऊ नका. जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा स्क्रीनवर येऊ द्यायच्या नाहीत, जेडकॉम फाइल, म्हणजे वंशवृक्षाची कॉम्प्युटर फाइल, कोणाला पाठवायची असेल तर जिवंत माणसं वगळून. युरोपातल्या लोकांना मेंबर करून घेत असाल तर मे २०१८ पासून लागू झालेला तिथला डेटा कायदाही वाचून ठेवा, ईमेल कशासाठी वापरणार ते आधीच सांगून संमती घेतली की बरीच चिंता मिटते. डीएनएची बैठक वेगळी ठेवा आणि तिथं इतरांची मॅच यादी, म्हणजे कोणाकोणाशी डीएनए जुळतो ती यादी, शेअर करायला सक्त मनाई. मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी ही डीएनए टेस्ट करणारी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली तेव्हा आमच्याकडे त्या बैठकीत नेहमीपेक्षा जास्त लोक आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, माझा डेटा कसा काढू, आणि शांतपणे बसून एकेक पायरी दाखवणारं कोणीतरी असणं याची तेव्हा लोकांना किती गरज होती ते दिसलं. शिवाय डीएनएत धक्के बसतात. लांबची चुलत भावंडं, इंग्रजीत फोर्थ कझिन, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबांचे वडील एक, त्यांच्यात साधारण निम्म्या जोड्यांमध्ये मॅच दिसतच नाही आणि ते नॉर्मल आहे, पण सख्ख्या चुलत भावाशी मॅच नसेल तर गोष्ट वेगळी, आणि ती बातमी भरल्या मीटिंगमध्ये कोणाला कळू नये. आम्ही असं काही दिसलं तर बैठक तिथंच थांबवतो आणि त्या माणसाशी नंतर एकट्याशी बोलतो.

कमिटीला पटत नसेल तर भांडू नका, सहा महिने मागून घ्या. फॉर्ममधला आडनावाचा प्रश्न, छोटी बैठक आणि डिजिटल वर्गणी, एवढ्या तीनच गोष्टी करा आणि सहा महिन्यांनी किती जण मेंबर झाले आणि त्यातले किती आधी नुसते व्याख्यानाला येत होते ते मोजून समोर ठेवा.

एक राहिलंच. तुमच्या जुन्या मेंबरांपैकी काही जण झूमवर येतच नसतील. लिंक कशी उघडायची माहीत नाही, किंवा नकोच वाटतं. त्यांना फोनवरून मीटिंग ऐकता येते, ते एकदा घरी जाऊन शिकवा. यांच्यातलंच कोणीतरी असेल ज्याला दफनभूमीतली दगड पडलेली, नाव पुसलेली प्रत्येक जागा कोणाची ते तोंडपाठ आहे, आणि ते कुठल्याही रजिस्टरात नाही. लांबचे मेंबर ज्या माहितीसाठी तडफडतायत ती त्यांच्याकडे आहे. त्यांच्या शेजारी एक तरुण माणूस बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, एकेक जागा दाखवत बोलू द्या. हे याच आठवड्यात करा, वर्गणीचं नंतर ठरलं तरी चालेल.